वर्ग नसलेलं विद्यापीठ

गेल्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले की, मुंबई विद्यापीठाने पहिली साठेक वर्षं स्वतः कुणाला काही शिकवलंच नाही. त्या एका वाक्यावर एकवीस पत्रं आली. दोन रागाची आहेत, एकात माझ्या वयाचा उल्लेख आहे. यंदाचं सगळं सदर त्यालाच देते.

*

बाई, माझा नातू कालिन्याला एम.एस्सी. करतो. त्याच्या कागदपत्रांवर विद्यापीठाचं साल १८५७ आहे. तुम्ही म्हणता वर्ग नव्हते. मग रानडे आणि भांडारकर शिकले कुठे? घरात यावरून दोन तट पडलेत.
— एक वाचक, चिपळूण

दोन्ही तटांना थोडं थोडं देते, म्हणजे जेवणं वेळेवर होतील.

साल अगदी बरोबर आहे. १८५४ साली लंडनहून चार्ल्स वुडचा खलिता आला, त्यात हिंदुस्थानात विद्यापीठं काढा असं म्हटलं होतं. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन निघाली. मुंबईचा कायदा १८ जुलैचा, त्या सालचा बाविसावा. तारीख पाहा. उत्तरेत उठाव पेटलेला, दिल्लीला वेढा पडलेला आणि इकडे मुंबईत पदव्यांचे नियम लिहायचं काम चाललेलं! मला हे नेहमी गमतीचं वाटत आलं आहे. वर्गात सांगितलं की मुलंही जरा जागी व्हायची.

पण त्या काळी 'विद्यापीठ' म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. डोळ्यांसमोर नमुना होता लंडन विद्यापीठाचा आणि ते तेव्हा परीक्षा घेणारी संस्था होती. शिकवायचं कॉलेजांनी. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, प्रश्नपत्रिका काढायच्या, तपासायच्या आणि पास झालेल्याला झगा घालून कागद द्यायचा. वर्ग नाही, प्रयोगशाळा नाही, स्वतःचा एक प्राध्यापक नाही. स्वतःची इमारतसुद्धा नव्हती, टाउन हॉलमध्ये कारभार चाले. गव्हर्नर हा आपोआप कुलपती. (ती रीत अजून मोडलेली नाही, फक्त गव्हर्नरचा राज्यपाल झाला.) कारभार पाहायला फेलो म्हणून काही मंडळी नेमली होती. त्यांत बरेचसे साहेबलोक आणि मोजके आपले. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी त्या मोजक्यांपैकी.

पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. सव्वाशेच्या वर मुलं बसली आणि पास झाली ती वीस-बावीस. त्यांतलीच पुढे १८६२ साली बी.ए. झाली. पहिल्या तुकडीत किती बी.ए.? चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही एल्फिन्स्टनचे. नातवाला सांगा, त्याच्या विद्यापीठाची पहिली बी.ए.ची अख्खी तुकडी एका टांग्यात मावली असती. आणि त्यातले भांडारकर पुढे १८९३ साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

थोडक्यात, तुमचा नातू साल बरोबर सांगतो आणि मी वर्गांचं बरोबर सांगते. आता वाढा.

*

राजाबाई टॉवरचं घड्याळ प्रेमचंद रायचंद यांनी आंधळ्या आईसाठी बांधलं, कारण जैन असल्यामुळे तिला सूर्यास्तापूर्वी जेवायचं असे. हे खरं का?
— एक वाचक, डोंबिवली

आईच्या नावाचं खरं. तिच्या जेवणाचं सगळेच सांगतात, मीही वर्षानुवर्षं सांगितलं, पण मला त्याहून पैशाची गोष्ट जास्त आवडते.

१८६४ साल. अमेरिकेत यादवी युद्ध चाललेलं, तिथला कापूस बंद, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. शहरात पैसा नुसता वाहत होता. प्रेमचंद रायचंद त्या काळचे शेअरबाजाराचे राजेच. त्यांनी ऑगस्टमध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले आणि ऑक्टोबरमध्ये मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एवढीच की, मनोऱ्याला आई राजाबाई हिचं नाव द्यायचं. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, कापूस कोसळला, बाजार बुडाला आणि त्यात प्रेमचंदही बुडाले. विद्यापीठाचे पैसे मात्र त्याआधीच वचनात अडकलेले होते. मनोरा उभा राहिला तो त्या फुग्यातून वेळेवर बाहेर पडलेल्या पैशावर.

बांधकाम १८६९ ला सुरू झालं, १८७८ ला संपलं. उंची २८० फूट. शेजारचं पदवीदान सभागृह १८७४ चं. त्यासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख दिले होते. दोन्हींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे आणि या गृहस्थांनी हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवलं नाही! लंडनमध्ये बसून काढलेली चित्रं. तरी मनोऱ्यावर वर पाहाल तर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे आहेत, आपापल्या पागोट्यांसकट. खालून धड दिसत नाहीत. दुर्बीण न्या.

आता ध्यानात घ्या, वर्ग नाहीत पण ग्रंथालय आहे, पदवीदानाचा दिवाणखाना आहे आणि घड्याळ आहे. देणगीदाराला दगड दिसतो. प्राध्यापकाच्या पगारासाठी कुणी मनोरा बांधत नाही.

मी स्वतः सत्तरच्या दशकात त्या ग्रंथालयात बसून टिपणं काढली. रंगीत काचांमधून ऊन येतं आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास ते नेमकं तुमच्या वहीवर निळं-तांबडं पडतं. त्या उजेडात पेन्सिलने लिहिलेलं मला घरी येऊन वाचता येत नसे. बोरूच्या काळात बांधलेल्या इमारतीला ते कसं कळणार!

*

आमच्या आजोबांची बी.ए.ची पदवी १९३८ ची. ते बेळगावात शिकले, उभ्या आयुष्यात मुंबईत राहिले नाहीत. कागदावर मात्र 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे'. हे कसं काय?
— एक वाचिका, बेळगाव

कारण तेव्हा दुसरं कुणी नव्हतंच. मुंबई इलाख्याचं विद्यापीठ म्हणजे सिंधमधल्या कराचीपासून खाली धारवाड-कारवारपर्यंत आणि मधला गुजरात, देश, खानदेश, कोकण सगळं. कराचीतला मुलगा आणि बेळगावातला मुलगा एकच प्रश्नपत्रिका सोडवत होते.

स्वातंत्र्याच्या आसपास हे घर वेगळं निघायला लागलं. १९४७ मध्ये सिंधचं विद्यापीठ झालं. मग १९४९ च्या आगेमागे पुणे, बडोदा, गुजरात आणि तुमचं धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. दोन-तीन वर्षांत थोरल्या घराचे पाच वाटे. गोवा मुक्त झाल्यावर तिथली कॉलेजं मात्र उलट मुंबईकडे आली आणि १९८५ साली गोव्याचं विद्यापीठ सुरू होईपर्यंत राहिली. आज मुंबईकडे उरलं ते मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. तरी संलग्न कॉलेजं सातशेच्या वर आहेत.

आजोबांचा कागद फ्रेम करून ठेवला असेल तर फ्रेम भिंतीवरून वर्षातून एकदा काढा. ओल मागून येते. आमचा गेला.

*

तुम्ही सगळं परीक्षेचं सांगता. संशोधन कधी सुरू झालं? आणि बाबासाहेबांना त्यासाठी परदेशी का जावं लागलं?
— एक विद्यार्थी, कल्याण

या पत्रासाठीच हे सदर लिहायला घेतलं, खरं सांगायचं तर.

डॉ. आंबेडकर एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबियाला गेले आणि पुढे लंडनला. शिष्यवृत्ती, महत्त्वाकांक्षा, इथलं जातीचं वास्तव, सगळी कारणं आहेतच. पण एक साधं कारणही होतं. अर्थशास्त्रात संशोधन करायचं म्हटलं तर त्या वेळी मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्राचा विभागच नव्हता. मार्गदर्शक बसणार कुठे? परीक्षा घेणारा पास-नापास सांगतो. कोणता प्रश्न विचारावा, हे शिकवायला शेजारी माणूस असावा लागतो.

जर्मनीत बर्लिनचं विद्यापीठ १८१० साली निघालं ते मुळातच या कल्पनेवर की, शिकवणं आणि शोध घेणं एकाच माणसाच्या हातून एकाच जागी व्हावं. आपल्याकडे शोध होत होते, नाही असं नाही. भांडारकरांसारखी माणसं कॉलेजात शिकवता शिकवता ते करत होती, एशियाटिक सोसायटीत बसून करत होती. विद्यापीठाचा त्यात संबंध एवढाच की त्यांच्याकडे त्याची पदवी होती.

१९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची मुभा मिळाली. मुभा मिळाली म्हणून लगेच कुणी शिकवायला उठत नाही. मुंबईत त्यानंतर पंधरा वर्षं गेली. १९१९ साली समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राचा विभाग निघाला आणि समाजशास्त्राला पहिले प्राध्यापक मिळाले पॅट्रिक गेडिस. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, नंतर नगररचनाकार, एकूण विक्षिप्त गृहस्थ. ते हिंदुस्थानातली गावं पायी हिंडून त्यांच्या सुधारणेचे अहवाल लिहीत. शहर पाहायचं तर आधी चालायचं, हा त्यांचा खाक्या.

गेडिस यांची व्याख्यानं ऐकणाऱ्यांत एक मालवणी तरुण होता, गोविंद सदाशिव घुर्ये. संस्कृतचा माणूस. विद्यापीठाने त्याला समाजशास्त्र शिकायला विलायतेला पाठवलं. तो केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतला आणि १९२४ साली विभागाची सूत्रं हातात घेतली. माझ्या लेखी मुंबई विद्यापीठ संशोधनाचं झालं ते इथे. इमारतीने नाही, एका माणसाने. पुढची पस्तीसेक वर्षं घुर्यांनी विद्यार्थी घडवले. इरावती कर्वे त्यांच्याकडे एम.ए. झाल्या आणि मग बर्लिनला गेल्या. म्हैसूरहून आलेले एम. एन. श्रीनिवास त्यांचेच, अक्षयकुमार देसाईही त्यांचेच. गुरूशी या सर्वांचं पटलं असं मुळीच नाही. श्रीनिवास तर पुढे अगदी वेगळ्या वाटेने गेले. पण भांडायला गुरू लागतो, तो आता फोर्टात मिळत होता.

दुसरी गोष्ट १९३३ ची. कुलगुरू होते सर विठ्ठल चंदावरकर, स्वतः गिरणीधंद्यातले. रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला, तोच तुमच्या आईवडिलांच्या पिढीचा 'यूडीसीटी'. सुरुवातीला दोनच शाखा होत्या, कापडाचं रसायन आणि केमिकल इंजिनिअरिंग. मुंबईतल्या गिरण्यांना रंग पक्का बसायला हवा होता आणि रंगाचं शास्त्र शिकलेली माणसं इथे नव्हती. इथे मात्र पैसा आणि गरज दोन्ही एकदम चालून आली. के. वेंकटरामन हे १९३८ साली पहिले भारतीय संचालक झाले. रंगद्रव्यांच्या रसायनात त्यांचं नाव जगभर झालं आणि पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मग मन मोहन शर्मा आले. त्यांनी माटुंग्यात, यूडीसीटीत बसून लंडनच्या रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळवली.  रघुनाथ माशेलकर हे त्यांचे विद्यार्थी. १९६६ ची पदवी, १९६९ ची डॉक्टरेट, दोन्ही माटुंग्याच्या.

आता हळवा भाग. हा विभाग २००८ साली स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला, म्हणजे स्वतःच्या पदव्या स्वतः देणारी संस्था. तीच आजची आयसीटी, इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. तसंच टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. होमी भाभांनी १९४५ साली संस्था काढली ती विद्यापीठाच्या बाहेर. तिथले संशोधक वर्षानुवर्षं पीएच.डी.ची नोंदणी मुंबई विद्यापीठात करत, २००२ साली तीही संस्था अभिमत झाली. म्हणजे विद्यापीठाच्या अंगणात जे रोप जोमाने वाढलं ते कुंडीसकट बाहेर गेलं. दोष कुणाला द्यायचा? मी देत नाही. सातशे कॉलेजांच्या परीक्षा सांभाळणाऱ्या घरात संशोधकाला वेगळी चूल मागावीशी वाटली तर नवल नाही. पण घराचा कर्ता मुलगा वेगळा झाल्यावर आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवणारे लोक असतात, त्यांचा मला राग येतो.

तू स्वतः संशोधन करणार असशील तर विद्यापीठाचं साल पाहू नकोस. ज्यांच्याकडे नाव नोंदवशील त्यांचे आधीचे दोन विद्यार्थी गाठ, त्यांना चहा पाज आणि विचार की सर किंवा मॅडम मसुदा किती दिवसांनी वाचून परत देतात.

*

मराठी माणसाच्या विद्यापीठात मराठीला स्थान कधी मिळालं?
— एक वाचक, दादर

सुरुवातीला होतं, मग काढलं! पहिल्या काही वर्षांत देशी भाषा परीक्षेला घेता येत. मग १८६० च्या दशकात विद्यापीठाने ठरवलं की, मॅट्रिकच्या वर अभिजात भाषाच हव्यात, म्हणजे संस्कृत, लॅटिन वगैरे. मराठीत अभ्यासावं असं काही नाही, असा एकूण समज. गंमत म्हणजे हे ठरवणाऱ्यांतल्या काहींच्या ताटात दोन्ही वेळा मराठीतच वाढलं जात होतं.

रानडे सिनेटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कारभारी सभेत, यासाठी वर्षानुवर्षं चिकटून बसले. मराठीत ग्रंथसंपदा किती आणि कशी वाढते आहे, याचे आकडे आणि नोंदी गोळा करून त्यांनी मांडल्या, कारण 'आहेच काय मराठीत?' या प्रश्नाला भावनेचं उत्तर चालत नाही, यादी लागते. १९०१ च्या जानेवारीत ते गेले. त्याच साली एम.ए.ला देशी भाषांना जागा मिळाली. पहिल्या चार पदवीधरांतला एक माणूस, शेवटपर्यंत एकच मागणी. मला त्यांच्या बाकीच्या मोठेपणापेक्षा हा चिवटपणा जास्त मोहवतो.

*

'बॉम्बे'चं 'मुंबई' कधी झालं?
— एक वाचिका, पनवेल

१९९६ साली. शहराचं १९९५ ला झालं, विद्यापीठाचं वर्षभराने. परीक्षेचा निकालही साधारण तेवढाच उशिरा लागतो म्हणायचे माझे सहकारी. मी हसत नसे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे माझ्याच टेबलावर असत.

*

बाई, मी परीक्षा विभागात एकतीस वर्षं नोकरी केली (कुठल्या विद्यापीठात ते सांगत नाही). तुमचं वाक्य वाचून वाईट वाटलं. 'फक्त परीक्षा घेत होतं' म्हणजे काय? परीक्षा घेणं हे काम नाही?
— एक निवृत्त कर्मचारी

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'फक्त' हा शब्द मागे घेते.

माझे आजोबा मालवणचे, घुर्यांच्या गावचे. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा गेले. परीक्षेसाठी बोटीने मुंबईला यायचे, नातलगाच्या खोलीत गॅलरीत झोपायचे, पेपर द्यायचे आणि बोटीने परत. घरची परिस्थिती अशी की, दुसऱ्या वेळी वडिलांनी सांगितलं, आता पुरे. पणजीने (म्हणजे त्यांच्या आईने) पाटली गहाण ठेवली. १९१२ साली, तिसऱ्या खेपेला ते सुटले. टपाल खात्यात चिकटले आणि आमचं सगळं घर त्या एका कागदावर मालवणातून बाहेर पडलं.

आजोबांना विद्यापीठाने एक अक्षर शिकवलं नव्हतं. त्यांनी विद्यापीठाचा एकही प्राध्यापक पाहिला नव्हता, पाहायला तो असायला तर हवा होता! पण त्यांची उत्तरपत्रिका ज्याने तपासली त्याला हा मुलगा मालवणचा की मलबार हिलचा हे ठाऊक नव्हतं. आकडा टाकला, बेरीज केली, नाव यादीत घातलं. ती यादी करणाऱ्या कारकुनाने एक ओळ गाळली असती तर आज हे सदर दुसरं कुणी लिहीत असतं.

आजोबा शेवटपर्यंत सांगत, पहिल्या दोन वेळी नापास केलं ते योग्यच केलं, इंग्रजी तेव्हा खरंच येत नव्हतं.

पुढच्या अंकासाठी पदवीदानाच्या झग्यांविषयी तीन पत्रं आधीच आली आहेत. आणखी पाठवू नका.